वाचकांचे प्रश्न : तीन लाँगबोंपैकी कोणता घ्यावा?

प्रश्न : मी सोलापूरचा रहिवासी असून माझे वय ३४ आहे. वर्षभर ३० पौंडांच्या (म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या) रिकर्व्हवर, टोके पुढे वळलेल्या धनुष्यावर, सराव केल्यानंतर साइट (नेम धरायचे साधन) आणि स्टॅबिलायझर (तोल राखणारे दांडे) बाजूला ठेवून पारंपरिक लाँगबोकडे, म्हणजे साध्या लांब धनुष्याकडे, वळण्याची इच्छा आहे. हाताने धनुष्ये घडवणाऱ्या एका कारागिराने तीन नमुने सुचवले आहेत : सरळ भुजांचा (मुठीच्या दोन्हीकडचे वाकणारे भाग सरळ असलेला) ६८ इंची, बांबूच्या पट्ट्यांवर फायबरग्लास चढवलेला, ५० पौंडांचा, त्याच साहित्याचा रिफ्लेक्स-डिफ्लेक्स (दुहेरी वळणाच्या भुजांचा) ६२ इंची, ४० पौंडांचा, आणि यू नावाच्या झाडाच्या अखंड लाकडाचा ७२ इंची, ४५ पौंडांचा. माझी ड्रॉ लेंग्थ (दोरी जितकी मागे ओढतो ती लांबी) २९ इंच आहे. एकदाच घ्यायचे असल्याने मन ५० पौंडांकडे ओढते. काय करावे?

उत्तर : ५० पौंडांचा विचार आपण सोडून द्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. लाँगबोवर लिहिलेला आकडा सहसा २८ इंचांवर मोजलेला असतो आणि पुढच्या प्रत्येक इंचाला साधारण दोन ते तीन पौंडांची भर पडते. म्हणजे आपल्या हातात तो नमुना ५२-५३ पौंडांचा होईल. ३० पौंडांवरून एकदम तिथे गेल्यास खांदा कानाकडे चढतो, दोरी हनुवटीपर्यंत येण्याआधीच बोटे सुटतात आणि दर बाणाला खेच वेगळी पडते. साइट नसलेल्या नेमबाजीत डोळा आणि हात यांचा मेळ बसतो तो प्रत्येक वेळी तितकीच खेच झाली तरच. आपल्यासाठी ३५ ते ३८ पौंड योग्य ठरतील. पुढे ताकद वाढली, तर दुसरे धनुष्य घेता येईल. पण जास्त पौंडांच्या धनुष्यावर लागलेली वाईट सवय मोडायला फार काळ जातो.

दुसरा मुद्दा लांबीचा. ६२ इंची धनुष्य २९ इंचांपर्यंत ओढले की दोरीचा कोन अरुंद होऊन बोटे चिमटतात, आणि शेवटच्या इंचा-दोन इंचांत ताण अचानक वाढल्यासारखा वाटतो. तोच आराखडा ६६ इंचांत करून देता येईल का, हे कारागिराला अवश्य विचारा. हाताने घडवून घेण्याचा खरा फायदा हाच आहे.

यूचे धनुष्य पाहून मोह पडणे स्वाभाविक आहे. हिमालयातल्या थुनेर वृक्षाच्या कुळातले हे लाकूड. बाहेरच्या बाजूचे फिकट रसकाष्ठ ताण सोसते, आतले लालसर अंतःकाष्ठ दाब सोसते, म्हणून एकाच फांदीत दोन्ही गुण मिळतात. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेच्या अवशेषांतून अशी शंभरावर धनुष्ये निघाली. परंतु ते लाकूड थंड, दमट मुलखात वापरले गेले. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत लाकडातला ओलावा कमी होऊन ते ठिसूळ होते, आणि भर ताणावर तुटण्याचा धोका वाढतो. उलट पावसाळ्यात ओलावा शोषल्याने धनुष्य मऊ पडून त्याला कायमचा बाक येऊ शकतो. रोज निगा राखण्याची तयारी असणाऱ्यानेच ते घ्यावे, आणि पहिले धनुष्य म्हणून तर नकोच.

फायबरग्लासच्या धनुष्यावर हवामानाचा परिणाम बराच कमी होतो, तरी त्यातले थर सरसानेच जोडलेले असतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान ६० अंशांपर्यंत सहज जाते, आणि तेवढ्या उष्णतेत सरस सैल पडून थर सुटू शकतात. म्हणून दुपारी गाडीच्या डिकीत धनुष्य कधीही ठेवू नये.

उरलेल्या दोन आराखड्यांत आमची पसंती ६६ इंची, ३८ पौंडांच्या रिफ्लेक्स-डिफ्लेक्सला आहे. त्याच्या भुजा मुठीजवळ नेमबाजाकडे आणि टोकांकडे उलट दिशेने वळलेल्या असल्यामुळे बाण सुटताना मुठीला बसणारा धक्का कमी असतो, आणि रिकर्व्हवरून येणाऱ्याचा हात त्यावर लवकर स्थिरावतो. सरळ भुजांच्या धनुष्याचा साधेपणा आम्हालाही मनापासून आवडतो. तेच घ्यायचे ठरल्यास त्याचे पौंड कमी करून घ्या आणि जड बाण वापरा, कारण जड बाण धनुष्यातली ऊर्जा जास्त घेऊन जातो आणि धक्का तेवढाच घटतो. पौंडामागे बाणाचे वजन १० ग्रेन हे प्रमाण दोन्ही आराखड्यांना मानवते. ३८ पौंडांचे धनुष्य आपल्या खेचीला ४०-४१ पौंडांचे होईल, म्हणजे सुमारे ४०० ग्रेनचा, साधारण २६ ग्रॅमचा बाण. स्पर्धेचा विचार असेल तर जागतिक नियमांनुसार लाँगबो गटात बाण लाकडी लागतात आणि चढवलेली दोरी टोकांच्या खाचांखेरीज भुजेला कुठेही टेकता कामा नये. मागणी नोंदवतानाच हे स्पष्ट करावे.

धनुष्य ताब्यात घेताना दोरी चढवून एका टोकाकडून डोळा लावून पाहा : दोरी मुठीच्या मध्यावरून सरळ गेली पाहिजे. एखादी भुजा पिळलेली दिसली किंवा थरांच्या सांध्यावरून नख फिरवताना ते कुठे अडकले, तर ते धनुष्य परत करा. आणि पारखताना बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. ती सगळी ऊर्जा भुजांतच उलटते आणि नवे कोरे धनुष्यही जागच्या जागी तडकू शकते.