वाचकांचे प्रश्न : मालक स्वतः स्टिअरिंगवर बसतो तेव्हा

प्रश्न : आमचे गाव यवतमाळच्या जवळ आहे. लोहारा एमआयडीसीतील रेमंडच्या डेनिम कारखान्यात आमच्याकडची काही मुले कामाला जातात. त्या उद्योगसमूहाचे अध्यक्ष मोटारींच्या शर्यतीत स्वतः उतरतात, असे वाचनात आले. इतका श्रीमंत माणूस खरोखर खेळाडू असतो, की पैशाच्या जोरावर जागा मिळवतो? दुसरे असे, की माझा पुतण्या वणीला ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करतो आणि त्याला या खेळात जायचे आहे. त्याला काय सांगावे?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : जागा पैशाने मिळते हे मान्यच करावे लागते, आणि या खेळाची नियमावलीही ते लपवत नाही. आपण ज्यांच्याविषयी लिहिले आहे ते गौतम सिंघानिया ‘फेरारी चॅलेंज’ या मालिकेत उतरलेले आहेत. ही मालिका १९९३ साली सुरू झाली, ती मुळात फेरारीच्या ग्राहकांसाठीच. तिच्यात सर्वांच्या मोटारी एकाच बनावटीच्या असल्यामुळे अधिक महागडी मोटार आणून पुढे जाण्याची सोय मात्र राहत नाही. मोटार क्रीडेच्या जागतिक संघटनेने काही प्रकारच्या शर्यतींसाठी चालकांच्या प्लॅटिनम, सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशा चार श्रेणी ठरवल्या आहेत. ज्याने तिशी उलटल्यावर शर्यतीचा पहिला परवाना काढला आणि ज्याच्या नावावर मोठे यश नाही, असा हौशी चालक साधारणपणे कांस्य श्रेणीत येतो, आणि उद्योगपती बहुधा तिथेच सापडतात. फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत २०२४पासून ‘एलएमजीटी३’ या गटातील प्रत्येक मोटारीच्या तीन चालकांमध्ये किमान एक कांस्य श्रेणीचा असावाच लागतो. संघाचा खर्च अनेकदा हाच गृहस्थ उचलतो. गंमत अशी, की त्या गटातील निकाल पुष्कळदा त्याच्याच हातात असतो, कारण व्यावसायिक चालकांमध्ये एका फेरीला सेकंदाच्या काही दशांशांचा फरक पडत असेल, तर कांस्य चालकांमध्ये तो कित्येक सेकंदांचा पडतो. ते सेकंद विकत मिळत नाहीत. वळणावर मानेवर येणारा ताण आणि बंद मोटारीतली भट्टीसारखी उष्णता यांना बँकेतली शिल्लक ठाऊक नसते.

आपल्याकडच्या शंकरपटाशी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीशी ताडून पाहिले, तर फरक चटकन लक्षात येईल. तळेगाव दशासरच्या पटात जोडी मालकाची, नाव मालकाचे, बक्षीसही मालकाचे. पण कासरा धरून जीव धोक्यात घालतो तो धुरकरी. मोटारशर्यतीत उतरणारा उद्योगपती मालक असूनही धुरकऱ्याच्या जागी बसतो, एवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

या बाबतीत मला सर्वांत लक्षणीय वाटतात ते जपानचे अकिओ टोयोडा. टोयोटा कंपनीच्या संस्थापक घराण्यात जन्मलेल्या या गृहस्थांना कंपनीचे मुख्य चाचणीचालक हिरोमु नारुसे यांनी एकदा सरळ सुनावले होते, की ज्याला मोटार नीट चालवता येत नाही त्याने आम्हाला मोटारींविषयी सांगू नये. टोयोडांनी राग न धरता त्यांच्याच हाताखाली शिकायला सुरुवात केली. २००७ साली जर्मनीतील न्युरबुर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ते ‘मोरिझो’ या टोपणनावाने उतरले, तेव्हा संघाला टोयोटा हे नाव वापरता आले नाही आणि मोटारीही जुन्या, वापरलेल्या ‘अल्टेझा’ बनावटीच्या होत्या. २००९मध्ये ते कंपनीचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी नारुसे त्या मैदानाजवळ चाचणीची मोटार चालवत असताना अपघातात गेले, आणि तरीही टोयोडांनी शर्यत सोडली नाही. २०२१ साली फुजीच्या चोवीस तासांच्या शर्यतीत हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाची कोरोला चालवणाऱ्यांमध्ये ते स्वतः होते. नवे इंजिन आधी प्रमुखाने अंगावर घेणे ही गोष्ट कारखान्यातल्या कामगाराला किती सांगून जात असेल, याची कल्पना आपल्याकडची ती मुले अधिक चांगली करू शकतील.

भारतात असे उदाहरण कोईमतूरच्या एस. करिवर्धन यांचे. कापड गिरणीच्या घराण्यातले हे उद्योगपती स्वतः शर्यती करत आणि शर्यतीच्या मोटारी बांधतही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मारुती ८००चे ७९६ सीसीचे इंजिन बसवून एका आसनाची ‘फॉर्म्युला मारुती’ तयार केली, त्यामुळे हा खेळ पुष्कळच स्वस्त झाला. २००५मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन याच मोटारीवर सुरुवातीच्या शर्यती खेळले. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. कोईमतूरचे ‘कारी मोटर स्पीडवे’ हे मैदान त्यांच्या नावाचे आहे. शर्यत खेळणाऱ्या धनिकाचे मोल त्याच्या चषकांवरून करण्यापेक्षा त्याच्यामुळे किती नव्या पोरांना गाडी मिळाली यावरून करावे, असे माझे मत आहे, आणि त्या मापाने करिवर्धन फार वरचे ठरतात. पैसा मात्र स्वतःचा हवा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिची तिजोरी आणि अध्यक्षांचा खिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या पुतण्याविषयी. मोटारशर्यतीची मोठी कायमस्वरूपी मैदाने चेन्नईजवळ, कोईमतूरला आणि ग्रेटर नोएडाला आहेत, त्यामुळे थेट चालक होण्याचा मार्ग वणीहून लांबचा आणि खर्चाचा आहे. तरीही प्रत्येक संघाला हाताने काम जाणणारा मेकॅनिक लागतोच, आणि ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स शेताच्या बांधावर उघडून पुन्हा बसवणाऱ्या मुलाने स्वतःला कमी समजण्याचे कारण नाही. मोटारींच्या रॅलीच्या हंगामात एखाद्या संघाकडे मदतनीस म्हणून जाता आले, तर त्याने पगाराची घासाघीस न करता जावे. चालवायचेच असेल, तर ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ या राष्ट्रीय संघटनेचा परवाना लागतो. सर्वांत कमी खर्चाचा प्रकार म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली. ती घरच्या साध्या गाडीनेही करता येते. शेजारी बसणाऱ्याने अंतर, वेळ आणि सरासरी वेग यांचे गणित सतत मांडत राहावे लागते, कारण ठरलेल्या ठिकाणी उशिरा पोचल्यास जसा दंड बसतो, तसाच लवकर पोचल्यासही बसतो.