कोल्ड स्टोरेजमध्ये सात महिने ठेवल्यावर बेण्याच्या बटाट्यावरची बुरशी मरते का? (इंदूर)

मरत नाही. २ ते ४ अंशांच्या थंडीत ती नुसती थांबते आणि ऑक्टोबरात बेणं बाहेर काढून ऊब मिळाली की परत वाढायला लागते. तुम्ही लिहिलेले काळे, खरबरीत ठिपके बहुधा ब्लॅक स्कर्फ या रोगाचे, म्हणजे रायझोक्टोनिया सोलानी या बुरशीच्या सुप्त गाठी. बटाटा ओला करून चोळा: माती निघते, हे निघत नाहीत, उलट जास्तच काळे दिसतात; नखाने मात्र खरवडले जातात. लावणीनंतर हीच बुरशी कोवळे कोंब मातीखालीच खाते आणि मग वाफ्यात खाडे दिसतात.

महूकडे आमची बटाट्याची शेती आहे, आम्ही केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची शिफारस पाळतो: बेणं स्टोरेजला धाडण्यापूर्वी धुऊन ३ टक्के बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात (१० लिटरला ३०० ग्रॅम) ३० मिनिटं बुडवायचं, सावलीत खडखडीत वाळवायचं, मगच पोत्यात. कोंब फुटलेल्या बेण्याला हे करू नका, कोंब जळतात. कापलेले, सडके आधीच वेचून काढा. सुकी सड जखमेतूनच शिरते. आणि बुडवलेलं बेणं उरलं तर पोह्यांत घालायचा मोह आवरा!

एक मात्र आहे: ही बुरशी मातीतही टिकते. दरवर्षी त्याच शेतात बटाटा घेत असाल, तर नुसतं बेणं स्वच्छ ठेवून भागणार नाही. मध्ये गहू किंवा मका घ्या.