‘सोड’ म्हटलं, ‘ओढ’ ऐकू आलं

बिनतारी संचांबद्दल वाचकांचे प्रश्न. पावसाच्या तोंडावर आलेली पत्रं बहुतेक ऑफ-रोडवाल्यांची, म्हणजे रस्ता सोडून चिखल-दगडांतून गाडी घालणाऱ्यांची आहेत, म्हणून हा अंक त्यांनाच देऊन टाकतो.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ, सावंतवाडीकडचे. जुनी जीप बांधून काढली आहे. जुलैत गोव्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेला कधीतरी उतरायचं म्हणून सराव चालू आहे. मी चालवतो, धाकटा खाली उतरून चाकं कुठे टाकायची ते दाखवतो आणि विंचचा (रुतलेली गाडी ओढून काढणाऱ्या, बंपरवरच्या मोटरच्या रहाटाचा) दोरही तोच बघतो. विंचचं बटण डॅशवर माझ्याकडे आहे. हात मोकळे राहावेत म्हणून आवाजावर आपोआप चालू होणारे, व्हॉक्सवाले वॉकी-टॉकी आणि हेडसेट घेतले. परवा ओढ्यात गाडी रुतली. तो ‘सोड, सोड’ म्हणत होता आणि मी दोर आणखी आवळत होतो. एकदोनदा तर त्याचा ‘थांब’ माझ्यापर्यंत आलाच नाही. आता कोणते महागातले संच घ्यावेत?

उत्तर : पैसे खिशातच राहू द्या. संच बरे आहेत, पण दोघांच्याही संचाला व्हॉक्स लावून ठेवलाय, घोळ तिथे आहे.

व्हॉक्स चालू केला की संच सतत माइककडे कान लावून बसतो. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की तो ट्रान्समिट करायला लागतो. पण आवाज ओळखणं, ट्रान्समीटर जागा होणं, पलीकडच्या संचाचा स्पीकर उघडणं, यात सेकंदाचा काही भाग जातोच आणि तेवढ्यात शब्दाचं तोंड गिळलं जातं. ‘सोड’मधला ‘स’ आधीच नुसती हवा. तो गेला की उरतं ‘ओड’, आणि विंचच्या बटणावर बोट ठेवून बसलेल्या माणसाला ते ‘ओढ’ असंच ऐकू येणार. तुम्ही प्रायव्हसी कोड लावला असेल तर हा उशीर वाढतो, कारण बोलण्याखाली दडलेला एक बारीक सूर ओळखल्याशिवाय पलीकडचा स्पीकर उघडत नाही. (त्या कोडात खासगी काहीही नसतं, बरं का. इतरांची बडबड तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच. तुमची मात्र कोड न लावलेल्या सगळ्यांना ऐकू जाते.)

‘थांब’ न पोचण्याचं कारण वेगळं आहे आणि ते जास्त वाईट आहे. वॉकी-टॉकी एका वेळी एकच काम करतो, बोलतो तरी नाहीतर ऐकतो तरी. तुम्ही इंजिन रेस केलं की केबिनमधला कल्ला तुमच्या माइकला पुरतो. संचाला वाटतं, मालक बोलतायत. तो ट्रान्समिट करायला लागतो आणि तेवढा वेळ त्याला ऐकू येणं बंद. म्हणजे अ‍ॅक्सलरेटर दाबलेला, चाकं जागच्या जागी फिरतायत, ‘थांब’ ऐकायलाच हवं, नेमके त्या क्षणी तुम्ही ठार बहिरे. कल्ला कमी झाल्यावरही व्हॉक्स थोडा वेळ उघडाच राहतो. ताशी ५ किलोमीटर म्हणजे रांगणंच म्हणायचं, तरी अर्ध्या सेकंदात गाडी जवळजवळ ७० सेंटीमीटर सरकते. जांभ्याच्या ओल्या कडेवर तेवढं पुष्कळ होतं.

तेव्हा पहिलं काम : तुमच्या संचाचा व्हॉक्स आजच बंद करा. हात मोकळे कुणाचे हवेत याचा विचार फारसं कुणी करत नाही. स्टिअरिंग तुमच्या हातात आहे हे खरं, पण तुम्हाला बोलायचंय कुठे? तुम्ही ऐकायचं. ज्याच्या हातात दोर, पट्टा, शॅकल आहे आणि ज्याला सारखं बोलायचंय तो खाली उभा आहे. व्हॉक्स त्याच्या एकट्याच्या संचाला. तो इंजिनपासून लांब असतो, त्यामुळे त्याचा माइक उगीच चालूही होत नाही. माइक ओठांच्या कोपऱ्याजवळ, जवळजवळ टेकेल असा, आणि त्यावर फोमची टोपी. नाहीतर पावसाचे थेंबच बोलायला लागतील.

तुम्हाला क्वचित बोलावं लागलं तर बटण लागेल. ते स्टिअरिंगला बांधू नका. पूर्ण वळण घेतलं की वायर दांड्याभोवती गुंडाळली जाते. जुन्या जीपमध्ये क्लचच्या डावीकडे जमिनीवर पायाचा डीपर असायचा, आठवतोय? त्या जागी बटण बसवा. मात्र डीपरचंच बटण वापरू नका, ते एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं. हॉर्नसारखं, पाय काढला की सुटणारं घ्या. खरं सांगू? मला विचाराल तर तेही नको. हॉर्न आहे ना. एक हॉर्न म्हणजे ‘कळलं’, दोन म्हणजे ‘जमत नाही, बघ’. हॉर्नला चॅनेल लागत नाही आणि तो पंचांनाही ऐकू येतो.

आता बोलण्याची पद्धत. एसटी मागे घेताना कंडक्टर काय करतो? गाडीच्या मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या’ अशी धार लावतो. धार तुटली की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर. ‘थांबा’ म्हणायची गरजच पडत नाही. तुमच्या भावालाही हेच शिकवा. गाडी हलते आहे तोवर त्याने बोलत राहायचं : ‘ये, ये, ये, क्लीनर साइड थोडं, ये, ये.’ आवाज तुटला की तुम्ही थांबायचं. कारण विचारायचं नाही. बॅटरी संपली, वायर निसटली, तो घसरून पडला, संच पाण्यात गेला, काहीही झालं तरी गाडी उभी राहते. आणि तो सारखा बोलत असल्यामुळे व्हॉक्स मिटतच नाही, मग पहिलं अक्षर गिळलं जाण्याचा प्रश्नही जवळजवळ संपतो.

‘डावं-उजवं’ सोडूनच द्या. तो तुमच्याकडे तोंड करून उभा असतो, त्याचं डावं ते तुमचं उजवं, आणि चिखलात हा हिशेब दोघांनाही सुचत नाही. ट्रकवाल्यांनी हे केव्हाच सोडवून ठेवलंय : ‘ड्रायव्हर साइड’, ‘क्लीनर साइड’. विंचसाठी ‘सोड’ आणि ‘ओढ’ कायमचे बाद. पतंग उडवताना म्हणता तसं ‘ढील’ आणि ‘खेच’ म्हणा. दोन्ही अर्धे कापले गेले तरी एकासारखं दुसरं लागत नाही. आणि खरोखरचं संकट असेल तेव्हा ‘थांब-थांब-थांब’, तीनदा, एका दमात. पहिला गिळला गेला तरी उरलेले दोन पोचतात. त्याच वेळी मूठ वळून हात वर. रेडिओ असला तरी हाताच्या खुणा सोडू नयेत. दिसतोय तोवर हातच खरा.

घशाला बांधायचे माइकही तुम्ही दुकानात बघितले असतील. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक आणि रणगाड्यातली माणसं ते वापरत. इंजिनचा आवाज त्यात खरंच कमी येतो. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ हे घशात तयार होत नाहीत, तोंडात होतात. म्हणजे तुमचा ‘सोड’ तिथेही ‘ओड’च. ‘ढील-खेच’ची सवय लागल्यावर हवा तर घ्या.

प्रश्न : आमच्या नाशिकच्या गटाने ऑनलाइन पाच वॅटचे संच मागवले. एक जण म्हणतो हे बेकायदा आहे, दुसरा म्हणतो जंगलात कोण बघतंय. खरं काय?

उत्तर : पहिल्याचं खरं. आयुष्यभर पोलिसांच्या बिनतारी संचांच्या पोटात डोकं घालून बसलेल्या माणसाला ‘कोण बघतंय’ असं विचारू नका. प्रश्न बघण्याचा नाहीच, ऐकण्याचा आहे. ते संच फ्रीक्वेन्सीच्या ज्या पट्ट्यांत बोलू शकतात तिथे पोलीस, अग्निशमन दल, जहाजं अशी कामाची माणसं बोलत असतात.

परवान्याशिवाय वापरता येईल असा पट्टा आपल्याकडे आहे : ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने कमी शक्तीच्या संचांसाठी तो मोकळा केला. त्यातही संचाला दूरसंचार विभागाची इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, म्हणजे ‘ईटीए’, असायला हवी. विकत घेण्याआधी दुकानदाराकडे तो कागद मागा. ऑनलाइन पानावर कोणत्या फ्रीक्वेन्सीवर चालतो ते लिहिलेलं नसेल तर पुढे जाऊच नका. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणावरून ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना नोटिसा धाडल्या आणि वॉकी-टॉकीच्या विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

‘मग हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना काढतो’ असंही कुणीतरी म्हणेलच. जरूर काढा, परीक्षा द्या, छंद सुंदर आहे. पण मग बोलणाऱ्या दोघांकडेही तो हवा, आणि तो बक्षिसाच्या स्पर्धेत टीम चालवण्यासाठी दिलेला नसतो.

या मोकळ्या पट्ट्यातला अर्ध्या वॅटचा संच कमी पडेल ही भीती काढून टाका. तुमचा स्पॉटर, म्हणजे खाली उतरून वाट दाखवणारा, गाडीपासून वीस-तीस मीटरवर असतो. पाच वॅट त्याला ऐकू यायला लागत नाहीत, खिंडीपलीकडच्या तिसऱ्याच टीमला त्रास द्यायला लागतात. आणि स्पर्धेला जाताना त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा : रेडिओ चालतो का, कोणता चॅनेल आयोजकांनी स्वतःसाठी राखलाय.

प्रश्न : पुण्याहून लिहितोय. आमच्याकडे बाइकच्या हेल्मेटचे मेश इंटरकॉम (आपापसांत थेट जोडले जाऊन बोलणारे संच) आहेत. हायवेवर झकास चालतात. ऑफ-रोडला मात्र मित्र नाल्याच्या वळणाआड गेला की आवाज गायब. खोक्यावर तर किलोमीटरच्या गोष्टी लिहिल्यात.

उत्तर : खोक्यावरचा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावरचा असतो. हे इंटरकॉम २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. लहर साडेबारा सेंटीमीटरची. ओली माती, पाणी, माणसाचं शरीर तिला पिऊन टाकतं, आणि जीपचं बॉनेट तिला अडवतं. ४४६ ची लहर ६७ सेंटीमीटरची, ती अडथळ्याला बगल देऊन थोडीफार तरी वळते.

तरीही विकू नका. यात दोघे एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकतात, आणि पहिल्या प्रश्नातलं ते बहिरेपण इथे नसतं. दगडावर चढताना, स्पॉटर नजरेसमोर असताना, मला विचाराल तर याहून चांगलं साधन नाही. दोर घेऊन लांबच्या झाडापर्यंत जायचं असेल तेव्हा ४४६ चा संच छातीवर. दोन्ही ठेवणाऱ्या टीम मी पाहिल्यात. त्यात गोंधळ एकच होतो : कानात दोन आवाज. एक कान एका यंत्राला, हे आधी ठरवा.

एक कटकट मात्र सांगतो. इंटरकॉमला फोन जोडलेला ठेवू नका. गाडी अर्धी लटकलेली असताना कानात ‘कर्ज हवंय का’ ऐकलेला माणूस मला माहीत आहे.

प्रश्न : माझी मुलगी कोल्हापुरात एका टीममध्ये स्पॉटर आहे. टीममधले म्हणतात, बाईचा बारीक आवाज वायरलेसवर चालत नाही, इंजिनच्या आवाजात बुडतो. खरं आहे का? शिवाय आई म्हणून काळजी वाटते ती वेगळीच.

उत्तर : ताई, उलट आहे. वॉकी-टॉकी साधारण ३०० ते ३,००० हर्ट्‌झ एवढाच आवाज पुढे नेतो. पुरुषाच्या आवाजातला खर्जाचा भाग तिथे कापलाच जातो, आणि इंजिनची घरघरही त्याच खालच्या अंगाला असते. बारीक, टोकदार आवाज त्याच्या वरून निघून जातो. बुडतो तो ओरडणाऱ्याचा आवाज, कारण ओरडलं की माइक फाटतो आणि शब्द चिरडले जातात. तिला सांगा, घरात बोलते त्या पट्टीत, पण सावकाश आणि तोडून बोल. टीममधल्यांना सांगा, एकदा दोघांचे आवाज रेकॉर्ड करून इंजिन चालू असताना ऐका, मग बोला.

काळजीचं म्हणाल तर ती रेडिओची नाही, दोराची करा. दोर ताणलेला असताना तिने त्याच्या रेषेत कधीच उभं राहू नये, गाडीच्या उताराच्या बाजूलाही नाही. हात मोकळे आणि आवाज पोचतोय, मग लांब उभं राहायला काय हरकत आहे? हेडसेटचा खरा उपयोग तोच. पूर्वी हाक पोचावी म्हणून स्पॉटर बंपरला चिकटून उभे राहायचे.

प्रश्न : संच आयपी ६७ आहे म्हणून निर्धास्त होतो, तरी पावसात बंद पडला. तांदळात ठेवू का? – डिचोली

उत्तर : तांदूळ जेवायला ठेवा. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास संच टिकतो, पण सगळी रबरी झाकणं बंद असतील तर. हेडसेटची पिन लावायला तुम्ही बाजूचं झाकण उघडलंत, तिथेच ६७ संपले. बऱ्याच संचांत असं होतं. घेताना स्क्रूने आवळायची जलरोधक पिन असलेला घ्या. आहे तोच वापरायचा असेल तर पिनेभोवती रबरी टेप गुंडाळून संच छातीवर उलटा लावा, पिन खाली येईल असा. रेनफॉरेस्ट चॅलेंज मलेशियात १९९७ पासून आणि गोव्यात २०१४ पासून मुद्दाम पावसाळ्यात भरवतात, तेव्हा पाणी लागणार हे धरूनच चाला.

आता बॅटरी काढा, गढूळ पाणी गेलं असेल तर संच बंद असतानाच स्वच्छ पाण्याने पिनेची जागा धुवा, लाल माती वाळली की ती खरवडून काढणं अवघड जातं. मग पंख्याखाली एकदोन दिवस. घाई करून चार्जरवर लावू नका, संपर्काचे पितळी ठिपके आधी कोरडे होऊ द्या.