बासरी वाजवणाऱ्याने दीझी, म्हणजे चिनी आडवी बासरी, घ्यायची तर कोणती घ्यावी? जास्तीच्या भोकावर टेप लावून वाजवली तर चालते का?

टेप लावू नका.

पट्टी कोणती, बांबू कोणता, ऑनलाइन मागवू का, हे सगळं तुम्ही विचारलंय, त्याच्याकडे येतेच. पण शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की 'आमचे क्लासचे सर म्हणतात, त्या जास्तीच्या भोकावर सेलोटेप मारली की दीझी आपल्या बासरीसारखीच वाजते.' ते वाचलं आणि राहवेना. जवळजवळ ह्याच शब्दांत हे मला 2012 साली सांगितलं गेलं होतं. मी ते निमूट ऐकलं आणि त्यापायी माझे अकरा महिने गेले.

मी मूळची मिरजेची. पुण्यात नोकरी करता करता नऊ वर्षं बासरी शिकले. नवऱ्याला कंपनीने सुझोऊला पाठवलं तेव्हा नोकरी सोडून मीही गेले. शांघायहून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासावरचं, कालव्यांचं शहर. माझ्या बासऱ्या सामानात होत्याच, पण इथवर आलोय तर इथली घ्यावी म्हणून पहिल्याच महिन्यात तिथल्या बाजारातून 260 युआनला एक दीझी आणली. दुकानातल्या बाईंनी सोबत एक कागदी पाकीट आणि काचेसारखा कडक, तपकिरी खडा दिला, हातवारे करून काहीतरी समजावलं. मला चिनी येत नव्हतं. घरी येऊन फुंकली तर सूरच निघेना, सगळी हवा त्या जास्तीच्या भोकातून बाहेर. रात्री स्काइपवर माझ्या पुण्याच्या सरांना दाखवली. सर म्हणाले, "त्या कागदाच्या भानगडीत पडू नकोस. टेप मार तिथे. कागद थरथरवून आवाज काढायचा तर जत्रेतली पिपाणी काय वाईट?"

मी टेप मारली. सूर निघाला, पण कसा? मंद्र पंचम पोकळ, जरा फुंक वाढवली की वरच्या सप्तकात उडी. तार सप्तक कानात टोचायचं. मोठ्या बासरीवर जी मींड सहज यायची ती ह्या बारीक भोकांवर अडखळायची. मी सरांना कळवलं की चिनी बासरीत दम नाही, आणि पुण्यातल्या दोन मैत्रिणींनाही तसंच लिहिलं. ह्याची आजही मला रुखरुख आहे, कारण चूक बासरीची नव्हतीच.

तुम्ही बासरी वाजवता म्हणून एवढंच सांगते. दीझीची पोकळी आपल्या बासरीपेक्षा अरुंद आणि बोटांची भोकं लहान असतात. हा सगळा हिशेब त्या जास्तीच्या भोकावर चिकटवायच्या पातळ पडद्याला धरून केलेला असतो. फुंकेचं भोक आणि बोटांचं पहिलं भोक यांच्या मधोमध पडदा असतो, आणि सुराला धार, उजेड, भरणा तो देतो. तो बंद केला की हातात उरते ती एक कुपोषित बासरी. बनवणाऱ्याने ती तशी वाजवण्यासाठी केलेलीच नसते.

हे मला कळलं ते पिंगज्यांग रस्त्याच्या एका बोळात. तिथे जुन्या व्यापारी संघाच्या वाड्यात खुनछ्यूचं संग्रहालय आहे. खुनछ्यू म्हणजे शेजारच्या कुनशान भागात वाढलेलं जुनं संगीत नाटक. 2001 साली युनेस्कोने पहिल्यांदा अशा कलांची यादी काढली, त्यात हे होतं आणि आपल्या केरळचं कुटियाट्टमही होतं. आपल्या संगीत नाटकात गायकाला ऑर्गन जसा धरून ठेवतो तसं तिथे दीझी गाणाऱ्याला धरून असते, पण ऑर्गनपेक्षाही जवळून. गळा वळला की बासरी वळते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बासरी कुठे संपते आणि बाईंचा आवाज कुठे सुरू होतो ते मला सांगता आलं नसतं. हीच का माझ्या घरी पडलेली ती वस्तू, असं वाटलं.

साथीला बसलेले एक निवृत्त गृहस्थ होते, सगळे त्यांना नुसतं लाओशी म्हणत, म्हणजे सर. पुढच्या रविवारी सोसायटीतल्या एका मुलीला दुभाषी म्हणून सोबत घेऊन, माझी दीझी घेऊन गेले. त्यांनी ती हातात घेतली आणि टेपकडे असं पाहिलं, जसं कुणी सतारीच्या घोडीखाली फडकं कोंबलेलं पाहावं. बोलले काहीच नाहीत. नखाने टेप सोलली. चिकटपणा राहिला होता, तो रुमालाचं टोक स्वतःच्या गरम चहात बुडवून पुसला. मग माझं वर्षभर न उघडलेलं पाकीट उघडलं.

तो कागद नसतो हे मला तेव्हा कळलं. पाणथळीत वाढणारा नळ असतो ना, ज्याचे आपण बोरू करायचो त्या जातीचा, त्याच्या पोकळीतला आतला पापुद्रा. दीमो म्हणतात त्याला. कांदा सोलताना दोन थरांमध्ये जी पारदर्शक साल निघते, तिच्याहून पातळ. लाओशींनी भोकापेक्षा चांगला मोठा तुकडा कापला, नळी उभी चिरून उलगडली आणि दोन अंगठ्यांमध्ये धरून त्यावर बारीक चुण्या पाडल्या. निऱ्यांसारख्या, पण एकेक निरी केसाएवढी. तो तपकिरी खडा म्हणजे अज्याओ, गाढवाच्या कातड्यापासून केलेला सरस. त्यावर ओलं बोट घासून ते भोकाभोवती फिरवलं. पापुद्र्याची एक कड टेकवली, दुसरी बासरीच्या लांबीच्या दिशेने हलकेच ओढली, फुंकून पाहिलं, परत केसभर ओढली, परत फुंकून पाहिलं. चुण्या बासरीला आडव्या, सगळ्या सारख्या. ह्या सगळ्याला पाच मिनिटं लागली असतील. मग सगळी भोकं बंद करून त्यांनी लांब पंचम लावला.

मी मिरजेची आहे, सतारमेकर गल्लीच्या जवळ वाढलेली. शाळेतून येताना तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर मी रोज पाहिलेत. घोडीचा माथा कानस मारून मारून इतका अलगद उतरता करायचा की तार तिच्यावर टेकतही नाही आणि सुटतही नाही. मग तारेखाली दोरा सरकवायचा, एका जागी आला की तार अशी उघडते की खोली भरून जाते. त्या पंचमात मला तेच ऐकू आलं. तोच झंकार, फक्त तारेचा नाही, फुंकेचा. मला रडू आलं. लाओशींना वाटलं मला राग आला.

त्याच रात्री सरांना फोन केला. आमच्यात जे झालं ते भांडणच म्हणायचं. मी म्हटलं, "सर, तुम्ही तंबोऱ्याचा दोरा लावायला अर्धा तास बसता. मग ह्या पडद्याला पिपाणी कसं म्हणता?" ते म्हणाले, "तंबोरा साथीला असतो. मुख्य सुरात खरखर चालत नाही." मी विचारलं, "मग सतारीचं काय? तिथे तर ज्या तारेवर राग वाजतो तिलाच जवारी असते." ह्यावर त्यांनी जेवणखाण विचारून विषय बदलला. पुढे पुण्याला गेले की भेट व्हायची, पण हा विषय त्यांनी परत काढू दिला नाही. त्यांच्याकडून मी जे शिकले त्याबद्दल मला आदर आहे. ह्या बाबतीत मात्र ते चुकले, आणि तुमचे सरही चुकतायत. आपल्या कानाला ज्याची सवय नाही त्याला खरखर म्हणायचं आणि ज्याची आहे त्याला झंकार म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आता तुमचे प्रश्न.

पट्टी: पांढरी दोन, म्हणजे डी. विक्रेते अक्षर लिहितात ते वरची तीन भोकं बंद केल्यावर निघणाऱ्या सुराचं, म्हणजे आपल्या बासरीचा षड्ज जिथे निघतो तिथेच, आणि सहाही बंद केली की पंचम. त्यामुळे बोटांचा गोंधळ होणार नाही. पण तुमची पांढरी तीनची मोठी बासरी आहे म्हणून डी दीझी तिच्या शेजारची असेल असं समजू नका. ती जवळजवळ एक सप्तक वर बोलते. सी आणि डी ह्या छ्यूदी, दक्षिणेच्या, खुनछ्यूच्या साथीच्या. एफ, जी, ए ह्या बांगदी, उत्तरेच्या. आखूड, तिखट, जिभेने तु-कु तु-कु तोडत वाजवायच्या. दक्षिणेत एकच सूर लागोपाठ आला तर जीभ न लावता बोटाचा टोला देऊन तोडतात. आपल्याला बोटाने कण घ्यायची सवय असते, म्हणून तुम्हाला दक्षिणेची आधी जमेल. घेण्याआधी शांघायचे लू छुनलिंग (1921–2018) आणि उत्तरेचे फंग झत्सुन (1904–1987) ह्या दोघा दीझीवादकांचं जुनं ध्वनिमुद्रण ऐका. कान कुणीकडे ओढ घेतो ते दहा मिनिटांत कळेल.

बांबू: ह्यावर लोक फार डोकं शिणवतात. हांगझोऊजवळच्या झोंगताईचा कडू बांबू उत्तम समजला जातो, आणि तो घेतलात तर चुकणार नाही. जांभळा बांबू दिसायला सुंदर असतो. पण नवशिक्या हाताला बांबूच्या जातीपेक्षा भोकं कशी पाडलीत त्याने जास्त फरक पडतो. मंद्र, मध्य आणि तार पंचम एकापाठोपाठ ट्यूनरवर तपासा. तिन्ही जुळले नाहीत तर बांबू कितीही भारी असो, परत करा. मध्ये पितळी सांधा असलेली घ्या, हार्मोनियमशी जुळवताना थोडी ओढून सूर उतरवता येतो. जुन्या घाटाची, सारख्या अंतरावर भोकं असलेली शोभेची दीझी कुणी प्रवासातून आणून दिली तर ती भिंतीवर टांगा, शिकायला घेऊ नका. ऑनलाइन मागवायची तर मागवा, फक्त आल्याबरोबर उन्हात धरून उभी चीर आहे का ते पाहा.

पडदा लावायला तुम्हाला महिना लागेल. फार सैल झाला तर सूर फाटतो आणि वरचे स्वर गुरगुरतात, फार ताणला तर आवाज दबतो, जणू टेपच लावलीय. मिरजेत एप्रिलमध्ये तो आपोआप ताणला जातो, तेव्हा तोंडाची गरम वाफ त्यावर सोडायची. पावसाळ्यात सैलावतो, तेव्हा काढून नवा लावायचा. सरसाचा खडा संपला तर लसणाची पाकळी आडवी कापून भोकाभोवती घासा. चिनी वादकही हे करतात. वास दोन दिवस राहतो, पण पकड चांगली येते.

आणखी एक, भूप रागाबद्दल. बरेच जण दीझी हातात आली की लगेच भूप धरतात, कारण चिनी पाच स्वर म्हणजे सा रे ग प ध. स्वर तेच आहेत हे खरं. पण तिकडे त्याच पाचांतला कुठलाही स्वर घर होऊ शकतो, पंचमावर येऊन थांबणाऱ्या कितीतरी धुनी आहेत, आणि धैवताला भूपात जी वागणूक मिळते तिचा तिथे पत्ताही नाही. भूप बासरीवर वाजवा. दीझीवर दीझीचं वाजवा. निदान पहिलं वर्षभर तरी.

थोडं टेपच्या बाजूने: रात्री फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बोटांचा रियाज टेप लावून केलात तर हरकत नाही, मीही करते. पडदा नसलेली दीझी चीनमध्येही बनते, पण ती मुळातच तशी घडवलेली असते. तुम्हाला खरोखर मऊ, पडद्याविना सूर हवा असेल तर 'जी' (G) पट्टीची श्याओ घ्या. ती उभी धरून टोकाच्या खाचेवर फुंकतात, आणि तिचा षड्ज तुमच्या मोठ्या बासरीच्या षड्जापेक्षा थोडाच वर पडतो. फुंक बसायला मात्र वेळ लागतो. आणि मी सुझोऊत, दक्षिणेच्या माणसाकडून शिकले हे लक्षात घ्या. उत्तरेकडचा वादक कदाचित 'जी' (G) बांगदीपासून सुरुवात करा म्हणेल, आणि तुमचा हात लहान असेल तर त्याचंच ऐका.

दीझीबरोबर दीमोचं एक पाकीट देतात. तुम्ही निदान तीन मागवा. पहिलं तर नुसत्या चुण्या पाडायला शिकण्यातच संपेल.