शंका-समाधान : कॅश मेमरी भरली की गाडी का अडते?

(उच्चार ‘कॅश’च, रोकडीशी संबंध नाही. कॅश म्हणजे काम भराभर व्हावे म्हणून हाताशी ठेवलेली छोटी, वेगवान, तात्पुरती साठवण.)

प्रश्न : लग्नाच्या शूटिंगसाठी ४८० जीबीची साटा एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) घेतली. २८० जीबी भरली आहे. १२० जीबी फुटेज टाकायला घेतले तर आधी सेकंदाला ४५० एमबीने पळते, पस्तीसेक जीबीनंतर ७० वर येते. माल खराब निघाला का? – छायाचित्रकार, धरमपेठ

उत्तर : माल ठीक आहे. खोक्यावर छापलेला वेगही खरा, फक्त तो कॅशपुरता. स्वस्त एसएसडीत बहुधा क्यूएलसी चिप असते. तिच्या एका सेलमध्ये ४ बिट बसतात, म्हणजे विद्युतभाराच्या १६ पातळ्या अचूक साधाव्या लागतात. हे काम सावकाशीचे. म्हणून कंट्रोलर (डिस्कमधली नियंत्रक चिप) मोकळ्या सेलमध्ये आधी एकेकच बिट भराभर लिहून टाकतो (हीच कॅश) आणि डिस्क रिकामी बसली की तो डेटा चार-चार बिटांत दाबून बसवतो. तुमची डिस्क विंडोजमध्ये ४४७ जीबी दिसत असेल. त्यातले २८० गेले, उरले १६७. एका बिटाच्या हिशेबाने त्यात फार तर ४१-४२ जीबी मावणार. ते संपत आले की जुने दाबायचे आणि नवेही घ्यायचे, दोन्ही एकदम. मग ७० चा वेग.

उपाय साधे आहेत. चौथा हिस्सा कायम मोकळा ठेवा. फुटेज तीस-तीस जीबीने टाका आणि मध्ये संगणक चालूच राहू द्या. बंद केला किंवा झोपवला तर दाबण्याचे काम होत नाही. ‘डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’मध्ये जाऊन महिन्यातून एकदा ‘ऑप्टिमाइझ’ करा, म्हणजे खोडलेल्या फाइलींची जागा खरोखर मोकळी झाल्याचे डिस्कला कळते. मे महिन्यात मात्र क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमानही बघा. ७० अंशांच्या वर गेले असेल तर दोष उष्णतेचा, कॅशचा नाही. पुढच्या खरेदीला खोक्यावरचे ‘अप टू’ सोडा आणि ‘टीएलसी’ (सेलमागे तीनच बिट) व ‘डीरॅम’ (डिस्कची स्वतःची वेगवान मेमरी) आहे का ते विचारा.

प्रश्न : लाइन गेली की हिशोबाच्या फाइलमधली शेवटची दोन-तीन बिले गायब होतात. सेव्ह तर केली होती! – किराणा व्यापारी, इतवारी

उत्तर : ‘सेव्ह झाले’ म्हणजे डिस्कवर उतरले असे नाही. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, त्यातला सरासरी अर्धा वाट बघण्यात जातो, वर डिस्कमधल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हाताच्या हालचालीचे आठ-नऊ. दर नोंदीला बारा-तेरा मिलिसेकंद थांबणे परवडत नाही, म्हणून विंडोज नोंद रॅममध्ये आणि डिस्क आपल्या बफरमध्ये (तिच्यातल्या छोट्या तात्पुरत्या मेमरीत) धरून ठेवते. लाइन गेली की दोन्ही कोरे.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘पॉलिसीज’ उघडा. पहिली खूण (राइट कॅशिंग) असू द्या. दुसरी, बफर फ्लशिंग बंद करणारी, असेल तर आधी काढा. ती असली की सॉफ्टवेअरने ‘आत्ताच्या आत्ता लिही’ म्हटले तरी तो हुकूम डिस्कपर्यंत पोहोचत नाही. वेग वाढवून देतो म्हणत बरेच जण हीच खूण करून जातात. शिवाय ६०० व्हीएचा यूपीएस लावा. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. दुकान बंद करताना महिन्यातून एकदा त्याचा प्लग काढून तपासा.

प्रश्न : सी भाषेत ४०९६ × ४०९६ इंटिजरच्या अ‍ॅरेची बेरीज केली. रांगेने चाललो तर झटकन, स्तंभाने चाललो तर कितीतरी पट वेळ. बेरजा तर तेवढ्याच. – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : प्रोसेसर रॅममधून एक आकडा आणत नाही, ६४ बाइटची अख्खी कॅश लाइन आणतो, म्हणजे १६ इंटिजर. रांगेने गेलात की एका खेपेत सोळा आकडे कामी येतात. स्तंभाने गेलात की एक वापरायचा, पंधरा वाया. एल-वनमधला (प्रोसेसरच्या सर्वात जवळच्या कॅशमधला) आकडा नॅनोसेकंदाच्या आसपास मिळतो, रॅममधला ऐंशी-शंभर नॅनोसेकंदांनी.

तुमच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. एक रांग नेमकी १६ केबीची. ३२ केबीच्या, ८-वे (एका कप्प्यात आठ लाइनी मावणाऱ्या) एल-वन कॅशमध्ये ६४ कप्पे असतात आणि दर ४ केबीला पुन्हा तोच कप्पा येतो. त्यामुळे स्तंभातले सगळे आकडे एकाच कप्प्यावर जाऊन आदळतात, जिथे जागा आठच लाइनींना. नववी आली की आधीची एक बाहेर. रुंदी ४०९६ ऐवजी ४११२ ठेवून बघा. प्रत्येक रांग एक कप्पा पुढे सरकेल आणि स्तंभाचा लूपही बराच सुधारेल. अ‍ॅरे फंक्शनच्या बाहेर घोषित करा, ६४ एमबी स्टॅकवर मावत नाही. मोजताना कंपायलरचे ऑप्टिमायझेशन दोन्ही वेळा सारखे ठेवा. वरच्या पातळीवर तो कधी कधी लूप स्वतःच उलटवतो आणि फरकच दिसेनासा होतो.

प्रश्न : टास्क मॅनेजरमध्ये ‘कॅश्ड’ ५ जीबी दिसते. क्लीनर अ‍ॅपने ती मोकळी करावी का? – गृहिणी, महाल

उत्तर : नको. वाचलेल्या फाइली पुन्हा लागल्या तर हाताशी असाव्यात म्हणून विंडोज त्या रॅममध्ये ठेवते, तीच ही ‘कॅश्ड’. ती जागा अडलेली नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमने मागितली की विंडोज लगेच सोडून देते. साफ केलीत तर त्याच फाइली डिस्कवरून पुन्हा वाचाव्या लागतील.