ब्रेक फेल झाले नाहीत, तर विमान धावपट्टी सोडून पुढे का जातं?

तुम्ही विचारलंय की प्रवासी जेट उतरलं, थांबलं नाही, धावपट्टीचं टोक ओलांडून कोसळलं, तर ब्रेक फेल होण्याशिवाय आणखी काय कारणं असू शकतात.

मी विमानांच्या देखभालीत काम केलंय आणि चाकं-ब्रेक हाच माझा विभाग. म्हणजे मी ब्रेकची बाजू घेणार हे गृहीत धरा. तरीही सांगतो, निव्वळ ब्रेक फेल झाले म्हणून असा अपघात झाल्याची उदाहरणं कमी आहेत. ब्रेकवर एक बारीक पिन असते. आतल्या चकत्या झिजतात तशी ती आत सरकत जाते. पार्किंग ब्रेक लावून ती पाहायची, पृष्ठभागाच्या पातळीत आलेली दिसली की ब्रेक बदलायचा. हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबाची एक व्यवस्था गेली तरी दुसरी असते. त्यामुळे असा अपघात झाला की माझा पहिला प्रश्न वेगळाच असतो : चाकं टेकली कुठे?

विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येतं आणि धावपट्टीच्या तोंडाशी ते सुमारे 50 फूट उंचीवर हवं. तिथे ते दहाच फूट जास्त उंच असलं तरी टेकण्याची जागा जवळजवळ 190 फूट पुढे सरकते. वेग 10 टक्के जास्त असेल तर थांबताना जिरवायची ऊर्जा 21 टक्के वाढते. शिवाय जास्त वेगाचं विमान लवकर टेकतही नाही, धावपट्टीवर तरंगत राहतं. 140 नॉट वेगाला एका सेकंदात 72 मीटर धावपट्टी संपते. पाठीमागून वारा असेल तर आणखी वाईट, कारण हवेतला वेग बरोबर दिसतो आणि जमिनीवरचा जास्त असतो.

22 मे 2010 ला मंगळूरला हेच झालं. 8033 फुटांच्या धावपट्टीवर एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग 737 सुमारे 5200 फुटांवर टेकलं. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते, विमान खूप उंचावरून घाईघाईने खाली आणलं गेलं आणि सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ म्हणजे परत वर चला असं सुचवलं. 158 माणसं गेली. मला यातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग पुढचा वाटतो. टेकल्यावर रिव्हर्सर, म्हणजे इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारी यंत्रणा, उघडले आणि मग कॅप्टननी पुन्हा उड्डाण करायचा प्रयत्न केला. चौकशी अहवालाप्रमाणे, इतक्या उशिरा टेकूनही ब्रेक आणि रिव्हर्सर पूर्ण लावून ठेवले असते तर विमान पक्क्या भागातच थांबू शकलं असतं. दहा वर्षांनी, 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडला पाऊस, मागून वारा, आणि विमान 8858 फुटांपैकी 4438 फुटांवर टेकलं. तिथेही सहवैमानिकाने गो अराउंड म्हटलं होतं.

दोन्हीकडे खुर्चीतला एक माणूस बरोबर बोलत होता. म्हणून ‘वैमानिकाची चूक’ एवढं लिहून थांबणारे अहवाल मला अर्धवट वाटतात. कनिष्ठ माणसाचं ऐकलं का जात नाही, परत फिरणं कमीपणाचं का वाटतं, थकवा किती होता, हे कंपनीचे प्रश्न आहेत.

टेकल्यानंतरचा भाग यंत्रांचा. पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे वर उघडणाऱ्या पट्ट्या, उभे राहिले की पंखांची उचल मोडते आणि वजन चाकांवर येतं. ते उघडले नाहीत तर ब्रेक कितीही चांगले असोत, चाकाला पुरेशी पकड मिळत नाही. 1993 मध्ये वॉर्सात लुफ्तान्झाचं एअरबस ए320 ओल्या धावपट्टीवर एका बाजूच्या चाकांवर टेकलं. दुसऱ्या बाजूची चाकं जवळजवळ नऊ सेकंदांनी टेकली आणि तोवर संगणकाच्या हिशेबी विमान ‘जमिनीवर’ नव्हतंच, त्यामुळे स्पॉयलर आणि रिव्हर्सर अडून बसले. 2007 मध्ये साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर टॅम या विमान कंपनीच्या ए320 चा डावा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद ठरवणारा दांडा, मागे आला, पण रेकॉर्डरनुसार उजवा चढाईच्याच स्थितीत राहिला. स्पॉयलर उघडले नाहीत, ऑटोब्रेक लागला नाही, एक इंजिन विमानाला पुढे रेटत राहिलं. 199 मृत्यू. धावपट्टी ओली होती, शिवाय नव्याने डांबर घातलेली आणि अजून पाणी काढणाऱ्या खाचा न पाडलेली.

पाण्याबद्दल आमच्या कामातली एक गोष्ट. चाक लॉक होऊन पाण्यावर घसरलं की खाली वाफ तयार होते. टायरवर एकाच जागी वितळलेल्या रबराचा लंबगोल डाग सापडतो, आणि धावपट्टीवर काळ्याऐवजी पांढरट, धुतल्यासारखे पट्टे. हे दिसलं की ब्रेक लागले होते, पकड नव्हती, हे नक्की.

उड्डाण करतानाही टोक ओलांडलं जातं. ठरलेल्या वेगानंतर, ज्याला व्ही वन म्हणतात, उड्डाण रद्द केलं तर थांबायला जागा उरत नाही. 1982 मध्ये स्पेनमधल्या मालागात एका विमानाच्या नाकाखालच्या टायरची पट्टी सुटून हादरे बसले, कॅप्टननी तो वेग उलटल्यावर थांबायचं ठरवलं आणि 50 माणसं गेली. पण नियम म्हणजे सगळं नव्हे. 2017 मध्ये अमेरिकेत एका एमडी-83 विमानाचं एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा हलता भाग, अडकलं होतं, विमान उडूच शकत नव्हतं. तिथे उशिरा थांबण्यानेच सगळे वाचले.

टोक ओलांडणं आणि माणसं मरणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2005 मध्ये टोरोंटोत एअर फ्रान्सचं ए340 टोकापलीकडच्या ओढ्यात जाऊन जळालं, तरी 309 जण जिवंत बाहेर पडले. डिसेंबर 2024 मध्ये दक्षिण कोरियात मुआनला चाकं न उघडता पोटावर घसरलेलं विमान टोकापलीकडच्या काँक्रीटच्या बांधावर आदळलं, 179 गेले. त्या बांधावर होता फक्त अँटेना. काही विमानतळांवर टोकाला चुरा होणाऱ्या हलक्या काँक्रीटचा पट्टा असतो, चाकं त्यात रुततात. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार माइक पेन्स यांचं विमान अशा पट्ट्यात अडकून थांबलं, कोणाला काही झालं नाही.

तुमच्या मनात एखादा ताजा अपघात असेल तर पहिल्या दिवशीच्या ‘ब्रेक फेल’च्या बातम्या सोडून द्या. साधारण महिनाभरात प्राथमिक अहवाल येतो. त्यात टेकण्याची जागा, जमिनीवरचा वेग, वाऱ्याची दिशा आणि स्पॉयलर उघडल्याची वेळ शोधा. ब्रेकचा दाब त्याच्यानंतर बघा.