'आरआरआर' या तेलुगू चित्रपटातला राम खरंच होऊन गेला का? त्याच्यावर एखादा खरा चरित्रपट आहे का?

होऊन गेला. पण 'आरआरआर'मधल्या रामाशी त्याचं नावापलीकडे फारच थोडं जुळतं. खरे अल्लुरी सीताराम राजू पोलिसात कधीच नव्हते. ऐन तारुण्यात संन्यास घेऊन ते पूर्व घाटातल्या आदिवासींमध्ये जाऊन राहिले. चित्रपटातला दुसरा नायक कोमरम भीम यांच्याशी त्यांची मैत्री होती, हीसुद्धा पटकथेची कल्पना.

चरित्रपट म्हणाल तर 1974 चा तेलुगू 'अल्लुरी सीताराम राजू' आवर्जून बघा. महेश बाबूचे वडील कृष्णा त्यात राजूंच्या भूमिकेत आहेत. हा त्यांचा शंभरावा चित्रपट आणि तेलुगूतला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा चित्रपट.

मला तो जवळचा वाटतो, कारण त्यातलं इंग्रजांविरुद्धचं बंड जंगलातून उगवतं. डोंगरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या पोडू करायचे, म्हणजे जंगलाचा एक तुकडा तोडून जाळायचा, काही हंगाम पीक घ्यायचं आणि पुढच्या तुकड्यावर जायचं. 1882 च्या मद्रास वन कायद्याने त्यावर बंधनं आली. शिवाय घाटातल्या रस्त्यांच्या कामाला याच लोकांना जुंपायचं आणि त्यांची मजुरी मारायची. गुडेमचा बॅस्टियन नावाचा तहसील अधिकारी यासाठी कुप्रसिद्ध होता. राजूंच्या मागे माणसं उभी राहिली ती या रोजच्या जाचापायी.

22 ऑगस्ट 1922 ला त्यांनी चिंतपल्लीच्या पोलीस ठाण्यावर छापा घातला, दुसऱ्या दिवशी कृष्णदेवीपेटा आणि तिसऱ्या दिवशी राजवोम्मंगी. तीन ठाण्यांतून 26 बंदुका आणि 2,500 च्या वर काडतुसं हाती आली. काय काय नेलं त्याची नोंद ठाण्याच्या दप्तरात करून राजू खाली स्वतःची सही ठोकत. राजवटीला तिच्याच कागदावर पोच देणारा हा माणूस! एवढ्या एका गोष्टीवरून त्याचा स्वभाव कळतो.

चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण याच चिंतपल्लीच्या परिसरात झालंय. त्यामुळे झाडी, चढ, अरुंद वाटा खऱ्या आहेत, आणि सरकारी फौजांना राजू दोन वर्षं का सापडले नाहीत ते नजरेनेच उमगतं. चित्रीकरण चालू असतानाच दिग्दर्शक व्ही. रामचंद्र राव वारले. उरलेला भाग कृष्णांनी स्वतः पुरा केला, मारामारीचे प्रसंग के. एस. आर. दास यांनी सांभाळले. विजया निर्मलांची सीता आणि तो सगळा प्रेमाचा धागा मात्र मला लांबलेला वाटला. तिथे कथा ढिली पडते. जग्गय्यांचा इंग्रज अधिकारी रदरफोर्ड तोलामोलाचा झालाय, त्यामुळे शेवटची टक्कर खरी वाटते.

'तेलुगु वीर लेवरा' हे गाणं चुकवू नका. कवी श्री श्री यांना या गीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गायक घंटसालांचा आवाज लागला की भाषा कळली नाही तरी अंगावर काटा येतो.

प्रत्यक्षात राजूंना मे 1924 मध्ये पकडलं आणि कोय्यूरला झाडाला बांधून गोळ्या घातल्या. ना खटला, ना सुनावणी. वय जेमतेम 26-27. त्यांच्या साथीदारांपैकी गाम मल्लू दोरा पुढे 1952 मध्ये विशाखापट्टणमहून लोकसभेवर निवडून गेले. यावर कुणीतरी वेगळा चित्रपट काढायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता भीम. तेही खरेच, पण त्यांचा लढा इंग्रजांशी नव्हे, निजामाशी होता. आदिलाबादच्या जंगलातले हे गोंड पुढारी 1940 मध्ये जोडेघाटला मारले गेले. गोंड समाज आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्याला मुळीच परकी नाही. त्यांच्यावर अल्लाणी श्रीधर यांनी 'कोमरम भीम' नावाचा तेलुगू चित्रपट केला आहे. आधी राजूंचा बघा, मग लगेच तो.